धातूच्या मिनिएचरवर रोटरी टूल : असईच्या स्वारांसाठी केलेले बदल आणि वितळलेली एक मूठ

शिलेदार२८ (पुणे)

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मी असईच्या लढाईचं टेबल, म्हणजे टेबलावर मांडायचा छोटा देखावा, उभं करतोय. २३ सप्टेंबर १८०३, खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं रान, एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. नद्या, ओढे, गावकूस झालं. तोफा झाल्या. अडलंय ते घोडदळावर. मला हवे तसे मराठा स्वार मिळाले नाहीत, म्हणून एका काकांकडून २८ मिमीचे चोवीस मुघल स्वार, म्हणजे छोट्या मूर्ती, घेतले. सगळे धातूचे, व्हाइट मेटलचे (कथील-शिशासारखं मऊ मिश्रण), जुने पण घडण सुरेख. त्यांनाच शिलेदार आणि बारगीर करायचं ठरवलं.

प्रत्येक स्वारात चार बदल आहेत. शिरस्त्राणाचा तुरा उडवून वर पुटीची पगडी. छातीवरचं साखळीचं चिलखत घासून गुळगुळीत करून त्याचा अंगरखा. हातातली गदा कापायची. आणि रिकाम्या झालेल्या मुठीत आरपार भोक पाडून पितळी तारेचा भाला घालायचा. पहिले दहा दिवस हे सगळं कानस आणि पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) केलं, सात स्वार झाले. मग वाटलं, घरात रोटरी टूल (ड्रिल, चकत्या वेगाने फिरवणारं हातातलं छोटं मशीन) पडून आहे, ते का वापरू नये?

चिलखत घासायला ते झकास चाललं. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत. त्या भरात आठव्या स्वाराच्या मुठीला १ मिमीचं ड्रिल लावलं, वेग मिनिटाला जवळपास तीस हजार फेऱ्यांवर. ड्रिल आत शिरलं, पहिला एक मिमी लोण्यासारखा गेला, मग आवाज बदलला. किरकिर थांबून नुसतं गुणगुणणं. मी आणखी दाबलं. धातू ड्रिलच्या खाचांमध्ये बसला, चकाकला, आणि मूठ मनगटासकट ड्रिलभोवती गुंडाळली गेली. बोटं, अंगठा, बाहीची घडी, काहीच उरलं नाही. नुसता एक चमकणारा गोळा.

नंतर हिशेब केला. १ मिमीचं ड्रिल ३०,००० आरपीएमवर म्हणजे त्याची कड मिनिटाला साधारण ९४ मीटर धावते. आणि ती मूठ जेमतेम २ मिमी रुंद. उष्णता जाणार कुठे? कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असं मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होतं. सोल्डर म्हणून आपण हेच वापरतो. म्हणजे मी सोल्डरच्या भावंडाला तीस हजाराचं ड्रिल लावत होतो.

माझे प्रश्न तीन. एक, या मऊ धातूला नेमका कुठला बर (टूलला लावायचं दातेरी टोक) आणि किती वेग? दोन, मुठीसारख्या नाजूक जागी मशीन लावावंच का? तीन, वितळलेला हात परत कसा करायचा? स्वार टाकून द्यायचा नाहीये. त्याचा घोडा चोवीसांत सगळ्यात देखणा आहे, मान वळवून लगाम चावतोय.

सोनारआळी (कोल्हापूर)

दादा, तुमचं निदान बरोबर आहे, पण वेग हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं म्हणजे तुम्ही दाबलंत. आमच्याकडे कामाला बसलेल्या पोराला पहिले कित्येक दिवस हेच शिकवतात की बर ढकलायचा नाही. धार असेल तर बर स्वतः खातो. खात नसेल तर धार गेलीये किंवा खाचा भरल्यात. बाहेर काढ, साफ कर, मग परत लाव.

कथील-शिशासाठी माझं मत असं. हिऱ्याचा बर अजिबात नको. तो कडक वस्तूसाठी. मऊ धातू त्याच्या कणांमध्ये लेप बसल्यासारखा बसतो आणि मग तो कापत नाही, नुसता घासून तापवतो. दगडाच्या गुलाबी-हिरव्या चाकांचंही तेच. स्टीलचा किंवा कार्बाइडचा बर घ्या, आणि दात कमी व मोठे असलेला घ्या, म्हणजे कीस बाहेर पडायला जागा राहते. बारीक दातांचा बर दिसायला छान, पण या धातूत दोन मिनिटांत भरतो.

सगळ्यात महत्त्वाचं, मेण. मधमाश्यांच्या मेणाची वडी शेजारी ठेवा. बर फिरता असताना तिला हलकेच टेकवायचा, की दातांवर पातळ थर येतो आणि धातू चिकटत नाही. दर वीस-तीस सेकंदांनी परत. मेण नसेल तर कोरडा अंघोळीचा साबण चालतो. आमचे आजोबा साबणच वापरायचे.

वेग मशीनवर जितका कमी मिळेल तितका. ५,००० वर तुमच्या १ मिमीच्या ड्रिलची कड मिनिटाला सोळा मीटरच्या आत येते. आणि मध्ये मध्ये बोट लावून बघा. बोटाला गरम लागलं की थांबायचं, कारण बोटाला गरम लागतं तेव्हा आत ड्रिलच्या टोकाशी त्याच्या कितीतरी पट असतं.

मुठीचं भोक मात्र हातानेच करा. आधी सुईने खूण, मग पिन व्हाइस.

मातीचा_मावळा (सांगली)

टेबलाचे फोटो टाका हो! लहानपणापासून दिवाळीचा किल्ला करतोय, त्यामुळे हे वाचताना हात शिवशिवतायत. एक शंका. असईत आपल्या घोडदळाचा मोठा भाग लढाईत नीट उतरलाच नाही, भार पडला तो तोफांवर आणि कवायती पलटणींवर. मग स्वारांवर एवढी मेहनत?

शिलेदार२८

@मातीचा_मावळा, खरं आहे. पण ते मैदानात होते, आणि वेलस्लीला ते दिसत होते. ते टेबलावर नसतील तर त्याने नदीपलीकडे जायचा निर्णय का घेतला तेच बघणाऱ्याला कळणार नाही. म्हणून ते हवेतच, आणि नीट हवेत.

@सोनारआळी, मेणाचं आजच करून बघतो. मनापासून आभार.

सातारची_दंतवैद्य

मी मिनिएचर करत नाही, माझा मुलगा करतो. पण दिवसभर हातात हँडपीस (दात कोरायचं, बर फिरवणारं हत्यार) असतो, म्हणून लिहिते.

धाग्यात बरबद्दल बरंच आलं, हाताबद्दल कुणी बोललं नाही. तुम्ही टूल कसं धरता? बहुतेक जण हातोडीसारखं मुठीत धरतात. तसं धरलं की मनगट आणि कोपर दोन्ही हवेत, आणि बर निसटला की दोन सेंटिमीटर जातो. आम्हाला पहिल्या वर्षापासून पेनसारखं धरायला शिकवतात, आणि करंगळीशेजारचं बोट कायम शेजारच्या दातावर टेकलेलं. त्याला फिंगर रेस्ट म्हणतात. तो आधार असला की बर निसटला तरी अर्ध्या मिमीत थांबतो. तुमच्याकडे दात नाही, पण घोड्याचा पुठ्ठा आहे, पायाखालची चकती आहे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकली तरी पुरे. फक्त काम आणि टूल धरणारे दोन्ही हात एकाच वस्तूवर टेकलेले हवेत.

टूल जाड आणि जड असेल तर पेनसारखं धरताच येत नाही. तेव्हा लवचिक शाफ्ट घ्या. मोटर खिळ्याला टांगायची, हातात फक्त पातळ हँडपीस.

बरबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. आमच्या सरळ हँडपीसच्या बरची दांडी २.३५ मिमी असते. रोटरी टूलच्या २.४ च्या कोलेटमध्ये (दांडी पकडणारी पुढची कडी) ती व्यवस्थित बसते. कवळ्या घासायचे टंगस्टन कार्बाइडचे बर मोठ्या दातांचे असतात, चिलखत उतरवायला ते उत्तम. दातांच्या साहित्याच्या दुकानात सुटे मिळतात. नवेच घ्या. ओळखीच्या डॉक्टरांकडून वापरलेले बर मागू नका, आणि कुणी दिले तरी घेऊ नका. ते रुग्णाच्या तोंडात गेलेले असतात.

खेळण्यातली_गाडी (ठाणे)

मी छोट्या डायकास्ट गाड्या उघडून रंगवतो. माझा धातू वेगळा, तरी तुलना कामी येईल. या गाड्या झमाकच्या असतात, म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम. हा व्हाइट मेटलपेक्षा कडक आणि ठिसूळ. वितळून गुंडाळत नाही, त्याचे कण उडतात. त्यामुळे माझी भीती डोळ्यांची, तुमची भीती वितळण्याची.

गाडीच्या पोटाशी दोन रिव्हेट असतात, छत्रीसारखी डोकी फुगवलेले. ३ मिमीच्या ड्रिलने फक्त ती छत्री उडवायची, खांब तसाच ठेवायचा. मी सुरुवातीला खांबात खोल जायचो आणि परत जोडायला काही उरायचं नाही. आता छत्री सुटून ड्रिलवर बांगडीसारखी फिरायला लागली की त्याच क्षणी थांबतो. मग खांबात १.६ मिमीचं भोक, त्यात एम२ चा टॅप (२ मिमीच्या स्क्रूसाठी आटे पाडायचं हत्यार) हाताने, अर्धा आटा पुढे, पाव मागे. स्क्रूने गाडी बंद. हवी तेव्हा उघडता येते. ड्रिलच्या आधी सेंटर पंच मारायचाच, नाहीतर टोक गोल डोक्यावरून घसरून रंगावर ओरखडा काढतं.

नॉटिंगहॅमकर

नोकरीसाठी सात वर्षं इथे आहे. मिनिएचर बनवणाऱ्यांची या शहरात आणि आसपास एवढी गर्दी आहे की इथल्या हौशी लोकांनी भागाचं नावच ‘लेड बेल्ट’, शिशाचा पट्टा, असं पाडलंय. एकदा ओतकाम बघायची संधी मिळाली. रबराचा गोल साचा दोन थाळ्यांचा, मध्ये भोक, तो फिरवतात आणि मधून वितळलेला धातू सोडतात. धातू बाहेरच्या दिशेने फेकला जाऊन प्रत्येक पोकळीत शिरतो. दोन थाळ्या जिथे मिटतात तिथे अंगावर शिवण येते, आणि हवा जायच्या बारीक वाटांमध्ये शिरलेल्या धातूचे केसांसारखे धागे राहतात. हे कळलं की शिवण कुठे शोधायची तेही कळतं. ती घोड्याच्या नाकापासून पाठीवरून शेपटीपर्यंत एका रेषेत असते. शिवण काढायला टूल लावू नका. पात्याची पाठ खरवडत नेली की निघते.

पण मी लिहायला बसलो ते शिशासाठी. शिलेदारदादा, तुमचे स्वार जुने आहेत म्हणता. १९९० च्या दशकात बऱ्याच उत्पादकांनी शिसं सोडून कथलाचं मिश्रण धरलं. त्याआधीच्या मूर्तींमध्ये शिसं भरपूर असू शकतं. ओळखायच्या दोन घरगुती रीती सांगतो. पायाखालची कड पांढऱ्या कागदावर ओढा. शिसं असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. दुसरी, एखादा निकामी भाग कानाशी धरून हळूच वाकवा. कथील जास्त असेल तर करकर असा बारीक आवाज येतो, शिसं मुकाट वाकतं. या रीतींनी अंदाज येतो, खात्री नाही. शंका असेल तर शिसं आहे असंच धरून चाला.

आणि शिसं असेल तर त्यावर रोटरी टूल चालवू नका. टूल त्याची धूळ करतं आणि ती धूळ दिसत नाही. कानस ओली करून हाताने घासा, चुरा ओल्या कागदावर पडू द्या, कागद घडी करून वेगळा ठेवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. खाण्याआधी साबणाने हात धुवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम नको, आणि घरात लहान मूल असेल तर कामाचे कपडे वेगळे ठेवा. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून येत नाही. यात मी जरा कडक बोलतोय, पण बोलणारच.

शिलेदार२८

नॉटिंगहॅमकर, तुमचं वाचून आत्ता रेघ ओढून बघितली. चोवीसांपैकी सहा घोडे स्पष्ट करडी रेघ काढतात. स्वार काढत नाहीत, म्हणजे बहुधा वेगवेगळ्या काळचे ओतलेले. मुलगी चार वर्षांची आहे आणि मी हे काम हॉलमध्ये करत होतो. आजच सगळं गच्चीवरच्या खोलीत हलवतो, हॉलची फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. मुलीची रक्तातल्या शिशाची तपासणी करावी का ते उद्या डॉक्टरांना विचारतो.

नॉटिंगहॅमकर

विचाराच. आणि त्या सहा घोड्यांना हात लावायची गरज नसेल तर लावू नका. प्राइमर आणि रंगाच्या थराखाली ते शांत बसतात.

नवखी_पनवेल

ताई-दादांनो, माझ्याकडे अजून मशीन नाही. दुकानात ड्रेमेल मागितलं तर त्यांनी वेगळ्याच नावाचं दाखवलं. किमान वेग त्यावर १०,००० लिहिलाय. पंख्याचा रेग्युलेटर मध्ये घालून कमी करता येईल का?

कोलेट_सव्वातीन (नाशिक)

ड्रेमेल हे कंपनीचं नाव. १९३२ साली अमेरिकेत सुरू झाली, १९९३ पासून बॉशकडे आहे. पण आपल्याकडे झेरॉक्ससारखं ते सगळ्याच रोटरी टूलचं नाव झालंय.

मशीनवरच वेगाची चकती असेल तर बाहेरून रेग्युलेटर लावू नका. आतलं सर्किट आणि बाहेरचं सर्किट एकमेकांशी भांडतात, मशीन धक्के देत चालतं आणि एक दिवस जळतं. शिवाय वेग पाडला की जोरही पडतो. त्यापेक्षा ५,००० पासून सुरू होणारं मशीन बघा. बजेट असेल आणि फक्त मिनिएचरच करायच्या असतील तर सोनार आणि दाताचे डॉक्टर वापरतात ते मायक्रोमोटर घ्या. वेगळा डबा, पातळ हँडपीस, पायाचं पॅडल. शून्यापासून वेग चढतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत विचारा.

कोलेटचा संच विकत घेतानाच बघा. ३.२, २.४, १.६ आणि ०.८ अशी चारही मापं हवीत. ३.२ च्या कोलेटमध्ये बारीक दांडी कागद गुंडाळून बसवणारे लोक बघितलेत. ती दांडी मध्यावर फिरत नाही, डोलते, आणि निसटली तर कुठे जाईल सांगता येत नाही.

आता चकतीबद्दल, कारण शिलेदारदादा गदा कापतायत. २४ मिमीची पातळ कापायची चकती तीस हजारावर फिरते तेव्हा तिची कड ताशी १३५ किलोमीटरने धावते. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त चकत्यांपैकी एक माझ्या हातात फुटली. कापताना टूल किंचित तिरकं झालं, एवढंच. एक तुकडा चष्म्याच्या काचेला लागला. साधा नंबरचा चष्मा होता, काचेला चीर गेली. बाजूने आला असता तर डोळा गेला असता. तेव्हापासून बाजू झाकणारा गॉगल असल्याशिवाय मशीनचं बटण दाबत नाही. जाळी असलेली फायबरची चकती घेतो, सुरू केल्यावर आधी अर्धा मिनिट तोंडापासून लांब, रिकामी फिरवतो. आणि चकतीच्या रेषेत कधी बसत नाही, थोडा बाजूला बसतो.

सुती हातमोजे घालू नका, धागा अडकला की बोट ओढलं जातं. केस बांधा, ओढणी बाजूला ठेवा.

खरं तर २८ मिमीची गदा कापायला चकती लागतच नाही. सोनाराच्या करवतीचं पातं लावा. चकती एक मिमीच्या आसपास धातू खाऊन टाकते, करवत त्याच्या पाव भागही खात नाही.

सोनारआळी (कोल्हापूर)

करवतीला शंभर टक्के अनुमोदन. पात्यालाही मेण.

राहिला वितळलेला हात. मनगटाशी सपाट कापून टाका. ०.८ ची पितळी तार मनगटात तीनेक मिमी आत बसवा, भोक पिन व्हाइसनेच. दुसऱ्या टोकाला पुटीची मूठ. आणि ड्रिल आत तुटलं तर घाबरू नका. सोन्या-चांदीत तुटलेलं स्टीलचं ड्रिल आम्ही तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून विरघळवतो, पण कथील-शिशावर मी ते करणार नाही. शेजारून कोरून सैल करा, चिमट्याने ओढा. सर्किट बोर्डाची कार्बाइड ड्रिलं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. हाताच्या कामात जरा तिरकी झाली की काचेसारखी तुटतात.

शिलेदार२८

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. आधी घरातलं सांगतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुलीची तपासणी केली, रिपोर्ट चांगला आला. दिवाळीनंतर परत करायला सांगितलीये.

आता आठवा स्वार. पुटीची मूठ करायच्या आधी वाटलं, याला भाल्याऐवजी दांडपट्टा द्यावा. पट्ट्याला बोटं दिसत नाहीत, हात कोपरापर्यंत खोबळ्यात जातो, म्हणजे वितळलेली जागा आपोआप झाकली जाते. मनगटात पिन व्हाइसने ०.९ चं भोक पाडलं, पण ०.८ ची तार लगेच बसवली नाही. सुट्या तारेचं एक टोक लहान ऐरणीवर हातोडीने ठोकत गेलो. पितळ ठोकून कडक झालं की गॅसवर लाल करून गार केलं, परत ठोकलं. तीन वेळा असं केल्यावर वीस मिमी लांबीचं पातं झालं, कागदासारखं पातळ. ते ओल्या कानसेने टोकाकडे निमुळतं केलं, आणि मग तारेचं दुसरं टोक फेविक्विकने मनगटात बसवलं. वर ग्रीन स्टफचा (मळून आकार द्यायची हिरवी पुटी) खोबळा, टोकाला दाभणाने दोन पट्ट्या कोरल्या.

बाकी सोळांचं चिलखत रोटरी टूलनेच उतरवलं, पण ५,००० वर, कवळीच्या बरने, मेण लावत. सातारच्या ताईंनी सांगितलं तसं बोट घोड्याच्या पुठ्ठ्यावर टेकवून. शेवटचा थर मात्र प्रत्येकाचा हाताने घासला. बर जिथे गेला तिथे बारीक लाटा राहतात, त्या बोटाला लागत नाहीत पण रंग दिल्यावर दिसतात. ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून, मग ८००.

मुठींना मशीन लावलं नाही. एकेका मुठीला दहा मिनिटं लागली. सोळाही मुठी शाबूत आहेत, भाले बसलेत. फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकतो. @मातीचा_मावळा, प्राइमर पांढरा द्यावा की काळा, तुमचं मत सांगा. पगड्या पांढऱ्या, लाल आणि केशरी अशा मिसळून करायच्या आहेत.

मातीचा_मावळा (सांगली)

पांढराच द्या. काळ्यावर केशरी मळकट दिसतो, चार थर द्यावे लागतात. आणि पट्टेकरी सगळ्यात पुढे ठेवा.